हॅलो, रान बोलतंय!

हिंजवडीतल्या डेस्कवर बसून इंदापूरच्या उसाची तहान कळते. पण कळल्यावर पाणी सोडायचं की नाही, हे कोण ठरवणार? मुलगी, बाप, पाटकरी की शेजारी?

सोमवार, सकाळचे साडेअकरा. हिंजवडी फेज टू. मीटिंग रंगात आलेली. तेवढ्यात माझ्या मामेबहिणीचा मोबाइल टेबलावर थरथरतो. बॉसला वाटतं, बॉयफ्रेंड असणार. शेजारणीला वाटतं, सेलचा मेसेज. ती हळूच स्क्रीन बघते. मेसेज उसाचा असतो!

'प्लॉट दोन, खालची बाजू. ओलावा पुरेसा. पाणी देऊ नये.'

ती 'एक्सक्यूज मी' म्हणून बाहेर जाते आणि गावाला फोन लावते. "तात्या, खालच्या रानात पाणी नका सोडू आज." पलीकडून उत्तर येतं, "बरं." आणि संध्याकाळी कळतं की तात्यांनी दुपारीच पाणी सोडलं. आमच्या मामांचं 'बरं' म्हणजे 'ऐकलं'. 'मान्य आहे' असा त्याचा अर्थ कधीच नव्हता!

जमिनीत रोवलेले वायरलेस सेन्सर, त्यांनी पाठवलेले आकडे, आकड्यांवरून मोबाइलवर येणारा सल्ला... बारामती आणि इंदापूरच्या पट्ट्यात हे आता नवलाचं राहिलेलं नाही. पेपरात फोटो येतात, भाषणांत उदाहरणं येतात. पण या बाप-लेकीचं जे फोनवर चालतं, ते त्या फोटोंत दिसत नाही. म्हणून एप्रिल २०२५ मधला एक वीकेंड मी मामांकडे काढला.

भिगवणच्या जरा पुढे

भिगवण तुम्हाला माहीत आहेच. पहाटे पुण्यातून निघायचं, सोलापूर रोडनं शंभरेक किलोमीटर, उजनीच्या बॅकवॉटरला होडीत बसून फ्लेमिंगोंचे फोटो, मग ताटभर मासे आणि दुपारी परत. एवढं पाणी बघून आपला समज होतो की हा भाग सुखी आहे. गंमत अशी, की तिथून तासाभराच्या आत तुम्ही अशा गावांत पोचता जिथे माणसं पाण्याच्या पाळीसाठी रात्रभर जागतात.

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. सह्याद्रीनं ढग अडवायचे आणि इकडे उरलासुरला पाऊस यायचा. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. तरीही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. कारण नीरा डावा कालवा. इंग्रजांनी दुष्काळी मुलखासाठी काढलेला हा कालवा १८८० च्या दशकात वाहू लागला आणि माळरानाचं नशीब पालटलं. पुढे साखर कारखाने आले. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कारखाना काढला आणि त्याभोवती वालचंदनगर उभं राहिलं. नंतर सहकारी कारखाने आले. म्हणजे पाऊस ज्वारीचा, पण पीक उसाचं! मधलं अंतर कालवा, विहीर आणि बोअर भरून काढतात.

राज्याचा हिशोबही असाच आहे. ऊस लागवडीच्या थोड्याशा टक्क्यांवर, पण सिंचनाच्या पाण्यातला मोठा वाटा त्याच्याकडे. म्हणून 'उसाला नेमकं किती पाणी लागतं?' हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. तुमच्या सोसायटीत टँकर येतो ना, त्याचाही याच हिशोबाशी संबंध आहे.

मामांचं रान बारामती-इंदापूर रोडवर, भवानीनगर ओलांडल्यावर. तीन एकर ऊस. वरच्या दीड एकराला विहिरीवर ठिबक, खालच्या दीड एकराला पाटाचं पाणी. खालच्या रानाच्या अगदी टोकाला एक जागा आहे, तिथे ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. जमिनीवर पांढरट थर. मामा त्याला म्हणतात, 'मीठ फुटलंय.' दहा वर्षांपूर्वी तो डाग खाटेएवढा होता. आता त्यात दोन ट्रॅक्टर उभे राहतील.

काठी बोलते कशी?

रानात गेल्यावर मी आधी सेन्सर शोधत बसलो. काहीतरी चकचकीत, लुकलुकणारं असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात काय, तर पाइपला बांधलेला एक पांढरा डबा, वर वहीएवढं सोलर पॅनल आणि खाली जमिनीत गेलेल्या दोन वायर. एका वायरीचं टोक वीस सेंटिमीटर खोल, दुसऱ्याचं साठ.

फंडा सोपा आहे. पाण्याचा एक विद्युत गुणधर्म असतो, त्याचा आकडा ८० च्या आसपास. कोरड्या मातीचा तोच आकडा तीन ते पाच आणि हवेचा एक. सेन्सर आपल्या भोवतीच्या मातीचा हा आकडा मोजतो. आकडा जितका मोठा, तितकं मातीत पाणी जास्त. त्याच्याच जोडीला तो माती वीज किती वाहून नेते हेही बघतो, कारण क्षार वाढले की वीज सहज वाहते. तापमान तर मोजतोच.

हे आकडे डब्यातून रेडिओनं निघतात. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा कामासाठी परवान्याशिवाय वापरता येतो. वीज अगदी कमी लागते आणि मोकळ्या रानात सिग्नल काही किलोमीटर जातो. मामांच्या घराच्या गच्चीवर दुसरा डबा आहे, त्यात मोबाइलचं सिमकार्ड. तो आकडे इंटरनेटवर टाकतो आणि मग हिंजवडीत फोन थरथरतो. बस्स!

आता खरी गोष्ट. शेतकऱ्यांकडे यासाठी आधीपासून एक झकास शब्द आहे, वाफसा. जमिनीत पाणीही हवं आणि हवाही हवी. दोन्ही बेतात असलं की वाफसा. मुळं पाणी पितात तसा श्वासही घेतात. रान तुडुंब भरलं की हवेची जागा पाणी घेतं आणि मुळं गुदमरतात. वरून पानं मात्र कोमेजतात आणि आपल्याला वाटतं, पाणी कमी पडलं. मग अजून पाणी! सेन्सर दुसरंतिसरं काही करत नाही. वाफसा आहे की नाही, तेवढं सांगतो. मामा मूठभर माती दाबून जे सांगतात तेच. फरक इतकाच, की मामांची मूठ वितभर खोल जाते आणि सेन्सर हातभराच्या खाली, तेही चोवीस तास.

हे सगळं बारामतीतच का?

कारण इथे हा नाद जुना आहे. डॉ. अप्पासाहेब पवार यांनी १९७१ मध्ये ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट सुरू केला. पाझर तलावांपासून ठिबकपर्यंत अनेक प्रयोग या ट्रस्टनं केले. त्यांचं कृषी विज्ञान केंद्र १९९२ पासून आहे. २००३ च्या सुमारास आयआयटी मुंबईनं 'आक्वा' नावाचा प्रयोग केला. शेतकऱ्यांनी कॉम्प्युटरवरून मराठीत प्रश्न विचारायचे आणि तज्ज्ञांनी उत्तरं द्यायची. त्यात उत्तरं देणारे बारामतीच्या केंद्रातले होते. आपण तेव्हा सायबर कॅफेत ऑर्कुटसारख्या गोष्टींची वाट बघत होतो!

सेन्सरही कालचे नाहीत. आयआयटी मुंबईच्याच मंडळींनी २००० च्या दशकात नाशिकच्या सुला वायनरीच्या द्राक्षबागेत वायरलेस सेन्सरचं जाळं लावलं होतं. तेव्हा वस्तू महाग, बॅटरी लवकर संपणारी आणि मोबाइल इंटरनेट म्हणजे गोगलगाय. तिकडे मायक्रोसॉफ्टमध्ये रणवीर चंद्रा यांनी 'फार्मबीट्स' नावाचं काम सुरू केलं. लहानपणी सुट्टीत बिहारमधल्या आजोबांच्या गावी शेती जवळून बघितलेला हा माणूस. शेतात इंटरनेट पोचवायचं, सेन्सर थोडेच लावायचे आणि ड्रोन किंवा उपग्रहाच्या फोटोंवरून बाकीचा नकाशा भरून काढायचा, अशी ती कल्पना. २०१७ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला.

हे दोन्ही धागे बारामतीत येऊन जुळले. २०२४ मध्ये ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या तज्ज्ञांना सोबत घेऊन एआयच्या मदतीनं ऊस लावला. जमिनीत सेन्सर, शेतात हवामान केंद्र, वरून उपग्रहाचे फोटो आणि सगळ्यावरून मोबाइलवर रोजचा सल्ला. पहिल्या टप्प्यात सुमारे हजार शेतकरी निवडले. चाचणीच्या प्लॉटवर उसाचं वजन वाढलं, पाणी आणि खत कमी लागलं, असं ट्रस्टचं म्हणणं. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांनी बारामतीच्या शेतकऱ्यांचं उदाहरण जगाला सांगितलं. त्यावर इलॉन मस्कनं एआयमुळे सगळंच सुधारेल अशा अर्थाची एका ओळीची कॉमेंट टाकली. झालं! पारावरच्या गप्पांत बायडन-ट्रम्पनंतर मस्कही आला.

त्यानंतर मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि साखर कारखाने पुढे आले. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या हिशोबात हेक्टरी खर्च सुमारे २५ हजार रुपये. त्यातले सुमारे नऊ हजार शेतकऱ्यानं भरायचे, बाकीचे इन्स्टिट्यूट आणि कारखान्यानं. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं शेतीसाठीचं एआय धोरणही मंजूर केलं, ५०० कोटींच्या तरतुदीसह.

माझ्या बहिणीची गाडी मात्र याच्या आधीच सुटली होती. जानेवारी २०२४ मध्ये ती बारामतीच्या 'कृषिक' प्रदर्शनाला गेली, तिथे सेन्सर बघितले आणि पुण्यात येऊन एका कंपनीकडून तीन नग मागवले. वार्षिक बोनस गेला. मैत्रिणी बालीला गेल्या, हिचे पैसे काळ्या मातीत गेले.

पिंपळे सौदागरचा साहेब

इथे थोडं मागे जायला हवं. पिंपळे सौदागरला राहता? मग हे नाव लक्षात ठेवा, हॅरोल्ड मान. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हे इंग्रज प्राचार्य. १९१७ मध्ये त्यांनी एका दख्खनी खेड्याचा घरोघरी फिरून अभ्यास छापला. शेतं किती, कर्ज किती, खायला पुरतं का. ते खेडं म्हणजे तुमचं पिंपळे सौदागर. आता जिथे वन बीएचकेचं भाडं ऐकून घाम फुटतो, तेच!

याच मान यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्याबरोबर त्याआधी, १९१० मध्ये, एक पुस्तिका काढली होती. विषय होता नीरा खोऱ्यातल्या खारट जमिनी. म्हणजे कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षं होतात न होतात, तोच रानात मीठ फुटायला लागलं होतं.

कारण साधं आहे. इथली काळी माती खोल आणि चिकट. पाणी खाली जिरायला वेळ लागतो. वरून पाणी देतच राहिलं की जमिनीतल्या पाण्याची पातळी वर येते. दिव्याची वात तेल ओढते तशी माती ते पाणी वर ओढते. ऊन पाणी घेऊन जातं आणि त्यातलं मीठ मागे ठेवतं. हे वर्षानुवर्षं चाललं की पांढरा थर दिसतो. म्हणजे मामांच्या रानातला तो डाग पाणी कमी पडल्यामुळे आलेला नाही. तो पाण्याच्या अतिरेकामुळे आलाय. आणि हे ज्या माणसाला सांगायचं, त्यानं १९७२ च्या दुष्काळात लहानपणी खडी फोडणाऱ्या आई-बापाला बघितलंय. त्याला 'पाणी जास्त झालं' हे वाक्यच अशुभ वाटतं.

पहिल्या वर्षीची फजिती

बरं, मशिन तरी पहिल्या दिवसापासून खरं बोलावं ना? छे! २०२४ च्या उन्हाळ्यात वरच्या प्लॉटमधला सेन्सर रोज 'कोरडं, कोरडं' म्हणून बोंबलत होता. मामांनी मूठ दाबून बघितली, ओल चांगली होती. बहीण म्हणाली, मशिन खोटं बोलत नाही. मामा म्हणाले, "मग माती खोटं बोलती का?"

माती बरोबर होती. काळी माती सुकताना भेगाळते. सेन्सरच्या शेजारीच भेग पडली आणि त्याच्याभोवती हवा शिरली. हवेचा आकडा एक, आठवतंय ना? बिचारा सेन्सर हवा मोजत होता आणि त्यालाच माती समजत होता. बसवताना त्याच मातीचा चिखल करून घट्ट लेपायला हवा होता. बसवणाऱ्या पोरानं नुसतं भोक पाडून खोचून दिला होता.

पुढे उंदरांनी एक वायर कुरतडली. ऊस डोक्यावर गेल्यावर सिग्नल अडायला लागला, कारण उसाचं रान म्हणजे उभं पाणीच. मग अँटेना बांबूवर चढवली. तोडणीच्या वेळी शेजारी कुणीतरी पाचट पेटवलं आणि एक डबा थोडक्यात बचावला. कंपनीला फोन केला की 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' एवढं सगळं झाल्यावर मामांनी त्या डब्याला नाव ठेवलं, 'साहेब'. रानात असतो, काम करत नाही आणि विचारलं की उलटं सांगतो!

त्या रात्रीची गोष्ट

मी गेलो त्या शनिवारी रात्री पाटाचं पाणी येणार होतं. उन्हाळ्यातली पाळी म्हणजे काय, हे आपल्याला ऑफिसात बसून नाही कळत. सात नंबरचा फॉर्म भरायचा, पट्टी भरायची, मग आवर्तन कधी सुटतंय याची वाट बघायची. इंदापूर कालव्याच्या शेपटाकडे. पाणी आलं की घ्यायचं, मग रात्रीचे दोन वाजोत नाहीतर चार. ही पाळी हुकली की पुढची कधी, ते पाटकरीही छातीठोक सांगत नाही. विहीर आहे, पण एप्रिलमध्ये ती दोन तासांत तळ दाखवते आणि पाणी मचूळ.

दुपारी बहिणीच्या मोबाइलवर आकडे आले. खालच्या प्लॉटच्या वरच्या बाजूला ओल संपत आलेली. खालच्या बाजूला, डागाजवळ, साठ सेंटिमीटरवर रान भरलेलं.

"तात्या, वरच्या निम्म्याला द्या. खालच्या निम्म्याला नका."

"आगं, पाणी आज हाय. उद्या आसंल का? तुझ्या साहेबाला इचार."

"खाली ओल आहे, तात्या. अजून दिलं की डाग वाढणार."

"आणि नाय दिलं अन् ऊस वाळला, मग? कारखाना काय मोबाइल बघून बिल काढतो व्हय?"

दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत! ती सांगत होती ते पुढच्या दहा वर्षांचं होतं. ते सांगत होते ते पुढच्या दहा महिन्यांचं. उसाचं बिल वर्षातून एकदा येतं. त्यातूनच सोसायटीचं कर्ज, दुकानदाराची उधारी, घरातलं लग्नकार्य. पगार दर महिन्याच्या एक तारखेला जमा होणाऱ्यांनी 'रिस्क घ्या' म्हणणं सोपं असतं. हे तिलाही कळत होतं, म्हणून तीही जोर लावून बोलत नव्हती.

शेवटी मामी बाहेर आल्या. पीठाचे हात तसेच. म्हणाल्या, "एवढं काय डोकं लावताय? खणून बघा की!"

कुदळ घेतली आणि निघालो. आधी वरच्या बाजूला खणलं. दीड फुटावरची माती मामांनी मुठीत दाबली, मूठ उघडली, ढेकूळ फुटलं. मग खालच्या बाजूला, सेन्सरपासून चार पावलं सोडून. फूटभरातच कुदळ जड झाली. दीड फुटावरची माती काळीभोर, चकचकीत. मामांनी तिचा लाडू वळला. वळला तसाच राहिला. बोटानं दाबला तर बोट ओलं. त्यांनी तो बांधावर फेकला, तो तिथे चिकटून बसला.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब आज खरं बोलला म्हणायचं."

रात्री पावणेबाराला पाणी आलं. हातात बॅटरी, खांद्यावर फावडं, मामा दारं धरत होते. वरच्या निम्म्या सऱ्या भरल्या. आणि मग त्यांनी फावड्यानं माती ओढून पाणी खाली जायचं बंद केलं. पलीकडच्या बांधावरून शेजारच्या काकांनी आवाज दिला, "काय तात्या, निम्मं रान कोरडं ठिवलं?" मामा म्हणाले, "पोरगी म्हणती, ओल हाय." आवाजात जरा संकोच होता. चारचौघांत पाणी सोडून देणं म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखं. ते त्यांनी केलं. मला विचाराल तर त्या रात्रीची सगळ्यात मोठी टेक्नॉलॉजी ते फावडं होतं.

पुढचे दहा-बारा दिवस मामा रोज दुपारी जाऊन उसाची पानं बघत होते. भर उन्हात पानं सुरळीसारखी वळली की ऊस तहानला. पानं वळली नाहीत. बहिणीला हे फोनवर सांगताना ते म्हणाले, "हाय बरा." आमच्या मामांच्या भाषेत हा भारतरत्न आहे!

पण पाणी आलं कुठून?

गोष्ट इथे संपली असती तर किती छान! पण पाचव्या दिवशी बहिणीनं मला एक स्क्रीनशॉट पाठवला. खालच्या बाजूचा, साठ सेंटिमीटरचा आलेख वर चढत होता. पाणी दिलेलं नसताना! आधी वाटलं, परत भेग, परत उंदीर. मग मामांनीच उलगडा केला. शेजारच्या काकांचं रान वरच्या अंगाला. त्यांनी त्या रात्री सगळं रान तुडुंब भरलं होतं. ते पाणी मातीतून सावकाश पाझरत मामांच्या रानात उतरत होतं.

म्हणजे बघा, मामांनी पाणी न घेऊनसुद्धा डागाला पाणी मिळालंच. सात-बाऱ्यावर बांध असतो. जमिनीच्या पोटात तो नसतो. एका रानातला सेन्सर दुखणं दाखवतो, पण औषध चार रानांनी मिळून घ्यावं लागतं. मधली चर गाळानं बुजली आहे, ती उकरायची. वरच्यांनी बेतानं पाणी द्यायचं. फारच झालं तर जमिनीखालून भोकांचे पाइप टाकून निचरा करायचा, जसा सांगली-कोल्हापूरकडे काही गावांनी केलाय. तो खर्च एकट्याच्या आवाक्यातला नाही.

बहिणीनं पुढच्या भेटीत तो आलेख काकांना दाखवला. भांडणाच्या सुरात नाही, चहा पिताना. काका बराच वेळ त्या रेषेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी मी पैसं भरून तुमचं रान भिजिवतोय व्हय?" सगळे हसले. चर अजून उकरलेली नाही. पण तिच्यावर बोलणं सुरू झालंय. आधी तेही नव्हतं.

मे २०२५ च्या अखेरीस बारामती-इंदापूरला अवकाळी पावसानं झोडपलं. बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला, रानं तळी झाली. त्या दिवशी तिन्ही सेन्सरच्या रेषा थेट वर जाऊन चिकटल्या. मामांचा फोन आला, "आज तुझ्या साहेबाचं अन् माझं एकमत हाय."

गावाकडे सेन्सर लावायचाय? हे लक्षात ठेवा

- आधी माती परीक्षण करा. सेन्सर क्षारांचा कल दाखवतो, लॅबचा रिपोर्ट तो देत नाही. कृषी विज्ञान केंद्रात तपासणी होते.
- एक सेन्सर दोन खोलींवर हवा. वरचा तहान सांगतो, खालचा साचलेलं पाणी.
- रानातली बरी आणि वाईट, दोन्ही जागा निवडा. सगळ्यात छान ऊस असलेल्या जागीच लावला तर तो छानच बोलणार!
- काळ्या मातीत चिखलाचा लेप देऊनच बसवा. भेग पडली की आकडा गेला.
- पहिलं वर्षभर आकड्याच्या जोडीला कुदळ वापरा. दोन्ही जुळतायत का, ते बघा.
- मेसेज घरात जो पाणी देतो त्याच्या फोनवर मराठीत आला पाहिजे. तुमच्या फोनवर आला की सल्ला होतो, त्यांच्या फोनवर आला की माहिती होते.

शेवटचा मुद्दा माझ्या बहिणीनं उशिरा शिकला. आता मेसेज मामांच्या मोबाइलवरही जातो. ते तो वाचतात, चष्मा काढतात आणि रानात जाऊन मूठ दाबतातच. ती सवय जाणार नाही. जाऊही नये.

आणि परवाची गोष्ट. परत सोमवार, परत मीटिंग, परत तिचा फोन थरथरला. तिला वाटलं, मेसेज. पण तात्यांचा कॉल होता. पाट सुटायला अजून दोन दिवस होते. ती बाहेर आली, फोन उचलला, तर पलीकडून प्रश्न,

"आगं, काय म्हणतंय आपलं रान?"